पंचफुलामावशी आणि तिची पांढरी डुकरं

आमच्या गावात एक दार असं होतं की पाय धुतल्याशिवाय तिथून कुणालाही आत जाता येत नसे. मग तो तलाठी असो, बँकेचा साहेब असो, नाहीतर खुद्द सरपंच. ते दार देवळाचं नव्हतं. पंचफुलामावशीच्या डुकरांच्या शेडचं होतं.

दाराशी सिमेंटचं एक उथळ टाकं होतं, त्यात जंतू मारणारं पोटॅशचं जांभळं पाणी. आपली चप्पल बाहेर काढायची, मावशीने ठेवलेले गमबूट चढवायचे, टाक्यात उभं राहून दहापर्यंत आकडे म्हणायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. आकडे मोठ्याने म्हणायचे. मनात म्हटले तर ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी.

एकदा बँकेचे साहेब कर्जाच्या पाहणीला आले. पायात कोरे बूट. म्हणाले, "बाई, मी नुसतं बघून जातो, दोन मिनिटांचं काम आहे."

"पाहा ना साहेब. भिंतीवरून बी दिसते."

साहेब खरंच चार विटा रचून त्यांवर चढले आणि भिंतीवरून डोकावू लागले. मावशी खाली उभी राहून म्हणत होती, "सांभाळून साहेब, पडसान. पडले तं आतच पडसान, मंग तुमाले आंघोळच घालाले लागीन." साहेब उतरले, निमूट बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मावशीने ते पाहिलं. गमबूट पुढे सरकवले आणि म्हणाली, "म्हना, एक."

"बिमारी पायानं चालत येते," हे तिचं रोजचं वाक्य. "तिले पंख नाईत. तुमीच तिचं वाहन."

मावशी बुटकी, काटक. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वरून मेलेल्या नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या कैकाडी वस्तीतल्या सगळ्या पोरांची ती मावशी होती. अनसिंगहून आत वळलेल्या रस्त्याला आमचं गाव लागतं, आणि गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याला लागून आमची वस्ती. आमचे आजे तुरीच्या काड्यांच्या टोपल्या विणत. प्लास्टिकची घमेली आली आणि टोपल्या गेल्या. उरली डुकरं. काळी, मोकाट, गावाच्या घाणीवर जगणारी. गाव घाण करायचं, आमची डुकरं ती खाऊन साफ करायची, आणि घाणेरडे ठरायचो आम्ही. हा हिशेब लहानपणापासून माझ्या डोक्यात जातो आणि अजून बाहेर निघालेला नाही.

मावशीने तो हिशेब मोडायचं ठरवलं. पशुसंवर्धन खात्याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. वस्तीतून ती एकटी गेली. परत आल्यावर तिने स्वतःची काळी मोकाट डुकरं विकून टाकली आणि आठ पांढऱ्या माद्या न् एक नर आणला. यॉर्कशायर जातीचे, गुलाबी कानांचे, गायीसारखे लांब. पहिला महिनाभर त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. लोक बघायला आले तर म्हणाली, "बाळंतीन खोलीत हाय समजा. महिन्यानं या." नवीन जनावर एक महिना वेगळं ठेवायचं, त्याच्या अंगात लपलेलं काही असेल ते बाहेर पडू द्यायचं, हे तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं. वस्तीतल्या बाकीच्यांनीही वेगवेगळ्या वेळी ते ऐकलं होतं. करणारी ती एकटी.

खाणं ती स्वतः कालवी. मका, सोयाबीनची ढेप, तुरीची चुनी, मीठ, क्षारांची पुडी. मक्याचं पोतं आलं की मूठभर काढून नाकाशी धरायची. बुरशीचा वास आला की पोतं जसं आलं तसं परत. दुकानदार चिडायचा, "डुकराईले नाक असते काय वं?" ती म्हणायची, "मले हाय ना."

दुपारी खाणं झाल्यावर ती शेडच्या मधोमध डोळे मिटून उभी राहायची. आम्हाला वाटायचं झोप लागली. ती खोकले मोजत असायची. "एक खोकला म्हंजे धूळ. दोन म्हंजे पाहा. तीन म्हंजे डॉक्टर."

तिसरी पास होती. प्रत्येक मादीच्या खोलीवर, भिंतीवर, खडूने तिने त्या मादीचा सगळा जन्म लिहून ठेवला होता: कधी फळली, कधी व्याली, किती झाली, किती जगली, लस कधी, जंताचं औषध कधी. माद्यांना नावं नव्हती, आकडे होते. नाव का देत नाहीस असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नाव देल्लं का इकवत नाई बाप्पा. मले धंदा करा लागते." व्यायला तीन महिने, तीन आठवडे न् तीन दिवस लागतात, हे तिला कॅलेंडरावाचून कळे. आई पिल्लांवर लोळून त्यांना चिरडते म्हणून बाळंतिणीच्या खोलीत भिंतीपासून वीतभर पुढे लोखंडी नळ्या बसवल्या होत्या. पिल्लं त्यामागे सुरक्षित. तिसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाला लोहाचं इंजेक्शन. सिमेंटवर वाढणाऱ्या पिल्लांना माती मिळत नाही, रक्त कमी पडतं, म्हणून.

गावातली माणसं हसली. "पंचफुला, डुकराले टॉनिक देऊन राह्यली काय?"

"तुह्या पोराले अंगनवाडीत लाल गोळी देतेत तवा हासतं काय?"

आणि वर तिचं ते वाक्य: "गाव इचारते, पिल्लं किती झाली. मी इचारते, जगली किती. पैसा जगल्यात हाय."

चार-पाच वर्षांत आठाच्या बत्तीस माद्या झाल्या. नागपूरचा व्यापारी ट्रक घेऊन यायचा. ट्रकला फाटकाच्या आत मनाई. डुकरं बाहेरच्या ओट्यावरून चढवायची, आणि ट्रक गेला की ओटा धुवायचा. केनवडच्या बेबीताईने तिच्याकडून चार माद्या नेल्या, शेड कसं बांधायचं ते शिकून घेतलं. आसेगावकडेही दोघांनी शेडं घातली. हे सगळं एका तिसरी पास बाईने केलं आणि आमच्या तालुक्यात तिचा कुठे साधा फोटो लागला नाही. द्राक्षवाल्याचा लागला असता. संत्रेवाल्याचा लागतोच.

ती म्हणायची, "सरकारात गेलं का वराह, गावात आलं का डुक्कर."

गावाचा ढोंगीपणा सांगायचा तर हळदीचं सांगावं लागेल. आमच्याकडे हळद चांगली येते, आणि हळदीला डुकराचं खत मानवतं. मावशीच्या शेडमागे उन्हाळ्यात ट्रॉल्यांची रांग लागे. ज्यांच्या घरात आम्हाला पाणी वरून मिळतं, त्यांची खताची मागणी पहिली. त्याच वावरातली हळद मग उकडून, वाळवून, दळून नवरीच्या गालाला लागायची, देवीच्या कपाळाला लागायची. खत चालतं, खत देणारा हात चालत नाही. मी हे चारचौघांत बोललो की मावशी मला कोपर मारायची. "हळू बोल. हळद सुकू दे, मंग बोल."

तिचं आणि माझं इथेच पटत नसे. मी पत्रकं वाचत वाढलेला. मला अन्याय दिसला की लगेच कागद हवा, घोषणा हवी. तिला आधी काम पुरं व्हायला हवं.

शेडच्या जागेचंच घ्या. नवऱ्याच्या वाट्याचा सव्वा एकराचा मुरमाड तुकडा तिच्याकडे होता, टेकडीच्या पल्याड, गावापासून दोन-अडीच किलोमीटर. डुकरांच्या शेडसाठी याहून चांगली जागा नाही: वस्ती लांब, मोकाट जनावर लांब, पाण्याचा निचरा आपोआप. कर्जासाठी ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र लागत होतं. अर्ज मी लिहिला. ग्रामसभेत तो वाचला गेला तेव्हा सरपंच म्हणाले, "देवीच्या टेकडीमागं डुकरं? लोकं काय म्हनतीन?"

मावशी उभी राहिली. "देवी वर हाय, शेड खाली पल्याड हाय. वारा तिकून इकडं येतच नाई जी. मी बाराही महिने तथी बसून पाह्यलं."

"वाऱ्याचं काय सांगता येते, बाई?" सरपंच म्हणाले, आणि सभा हसली. मग त्यांनी निकाल दिला: "नाल्याकडं कर. पत्र आत्ता देतो. तुमची वस्ती तथी, उकिरडा तथी, डुकरं बी तथीच शोभतीन."

शोभतीन. तो शब्द माझ्या कानात अजून आहे. मी तिथेच पेटलो, पण मावशीने पत्र घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि नाल्याकाठी, उकिरड्याच्या अंगाला शेड बांधलं. मी तिला विचारलं, तू ऐकून कसं घेतलंस? म्हणाली, "शेड बांधल्यावर भांडू. बिनशेडाचं भांडन कोन आयकते?"

शेड बांधून झालं, डुकरं वाढली, आणि भांडण दुसऱ्याच कारणाने आलं. सरपंचांच्या पुतणीचं लग्न होतं. पंगती उठल्यावर उरलंसुरलं उष्टं डुकरांना घालायचं ही आमच्याकडची जुनी रीत. लग्न गावात कुणाचंही असो, मांडवाच्या मागे वस्तीतलं कुणीतरी ड्रम घेऊन बसलेलं असायचंच. मावशी बसली नाही. तेव्हा सरपंचांनी मोठ्या मनाने ट्रॅक्टर पाठवला. ट्रॉलीत तीन ड्रम.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊसाहेबाईनं धाडलं. बुंदी बी हाय."

"वापस ने."

"अवं मावशी, डुकराईले तं हाय!"

"माह्या डुकराईले उष्टं चालत नाई."

हे वाक्य पानठेल्यावर पोहोचायला तासही लागला नाही. कैकाडीण म्हणते, माझ्या डुकरांना उष्टं चालत नाही! गावाचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. एकजण हसत हसत तिला म्हणालाच, "मंग काय पंचफुला, त्याईले पंगतीत बसवता काय आता?"

"बसवा ना. पाय धुऊन येतीन."

उष्ट्यातून रोग येतो, हे कारण तिने सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंच होतं. कुठल्या ताटात कसलं मांस होतं, कुठल्या हॉटेलातून काय आलं, कुणाला ठाऊक? डुकराचा रोग डुकराच्या मांसातून येतो, शिजवलेल्या-न शिजवलेल्या तुकड्यातून येतो. पण दुसरं एक कारण होतं. ते तिने एकदाच सांगितलं, ढेप चाळता चाळता, माझ्याकडे न बघता.

"माही सासू ड्रम घेऊन बसे. घरी आनला का ड्रममधी हात घालून निवडे. वरचं आमाले. खालचं डुकराईले." चाळणी थांबली नाही. "पयल्या दिवशी मले वाटलं, ते डुकराईसाठीच हाय. मंग माह्यासमोर ताट आलं."

त्या दिवशी ट्रॉली मावशीच्या दारातून वळली आणि तिच्या दिराकडे, सुदामाकडे गेली. सुदामाची पंचवीस-तीस काळी डुकरं नाल्यात मोकाट असत. त्याने ड्रम उतरवून घेतले. "फुकटचं कोन सोडते?" त्याला मी दोष देऊ शकत नाही. घरात चार लेकरं, ढेप विकत घ्यायची ऐपत नाही. गावाने त्याला ज्या जागी ठेवलं, त्या जागी तो राहिला एवढंच. तेव्हापासून गावातलं उष्टं आणि मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं उरलेलं, दोन्ही त्याच्याकडे जाऊ लागलं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत सुदामाची दोन डुकरं मेली. मग पाच. मग रोजच एक-दोन. तो ती नाल्यात ढकलून देत होता. मावशी शेडमधून निघाली, नाल्याच्या अलीकडच्या काठावर येऊन थांबली. पलीकडे पाऊल टाकणार नव्हती. पायानं काय येतं ते तिला ठाऊक होतं. त्यामुळे दीर-भावजयीचं ते बोलणं नाल्याच्या दोन काठांवरून, ओरडून झालं. सगळ्या वस्तीने ऐकलं.

"सुदामा, मेलेल्या डुकराचे कान दाखव!"

"ऊन लागलं वैनी! दुसरं काई नाई!"

"ऊन लागल्यानं कान निळे पडतेत काय रे?"

"तू डॉक्टरीन हाय काय?"

"डॉक्टरनीले बोलावते मंग."

सुदामा घाबरला. "बोलावू नोको! परवा व्यापारी येऊन राह्यला. उरलेली सोळा देऊन टाकतो. मंग कुठी बी जावो, आपल्याले काय करा लागते?"

कुठी बी म्हणजे कुठे, ते मावशीला ठाऊक होतं. तो व्यापारी इथून निघाला की आसेगाव, मग केनवड. तोच ट्रक, तेच टायर, तीच माणसं. बेबीताईच्या ओट्याला तोच ट्रक लागणार होता.

दुपारी सरपंच मोटरसायकलवर आले. गाडीवरून उतरले नाहीत. "पंचफुला, गाजावाजा नोको करू. जेसीबी पाठवतो, खड्डा करून गाडून टाका. नवरात्र तोंडावर हाय. टेकडीवर गर्दी राह्यते. पथक आलं, पेपरात आलं, तं गावाचं नाव खराब होते."

"होते जी," ती म्हणाली. हो की नाही, कशाला होते म्हणाली, ते त्यांना कळलं नाही. गाडी वळवून गेले.

मग ती माझ्याकडे वळली. आजवर तिच्या चेहऱ्यावर भीती मी पाहिली नव्हती. "मॅडमनं टरेनिंगमधी फळ्यावर गोल काढला होता," ती म्हणाली. "जथी हा रोग निंगाला, तथून एक किलोमीटरचा गोल. त्या गोलातली समदी डुकरं मारा लागते. बिमार असो का चांगली. याले लस नाई, दवा नाई." तिने नाल्याकडे पाहिलं, मग शेडकडे. "तो गोल माह्यावरून जाते."

मी म्हणालो, दोन दिवस थांब. कदाचित तो रोग नसेलही. कदाचित सुदामाची संपतील आणि तुझी वाचतील. तुझ्या दारात पोटॅश आहे, पाय धुतल्याशिवाय तुझ्याकडे कुणी आत येत नाही, तुझी खरंच वाचतील.

"वाचतीन बी," ती म्हणाली. "अन् माही वाचवाले मी बेबीचं घर जाळू काय?"

तिने फोन लावला. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम पलीकडे होत्या. मला इकडचंच ऐकू येत होतं. "मॅडम, पंचफुला बोलते. सुदामाची चवदा गेली. कान निळे, ताप, जागेवरून उठत नाईत… परवा ट्रक येऊन राह्यला, तो थांबवा… हो… हो, माहं शेड आत येते. माहीत हाय मले. या तुमी."

पथक आलं, नमुने गेले, व्यापाऱ्याचा ट्रक अडवला गेला, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा तिचं म्हणणं खरं ठरलं. एका साहेबाने मोबाईलवरच्या नकाशावर गोल काढला. मावशीचं शेड गोलाच्या आत, सुदामाच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. टेकडीपलीकडचा सव्वा एकर मुरमाड तुकडा गोलाच्या कितीतरी बाहेर. मी तो नकाशा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. रात्रीतून पत्रक लिहिलं: निरोगी डुकरांची कत्तल थांबवा. सकाळी तिच्याकडे सहीला घेऊन गेलो.

तिने वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द. मग परत दिलं.

"नियम बरोबर हाय," ती म्हणाली. "चूक नियमात नाई. मी अथी काहून हाय, ते लिव्ह. अथी मले कोनं बसवलं, ते लिव्ह. ते लिव्हशीन तं सही करते."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा मला एका पत्रकाच्या मागच्या बाजूला मिळाला. मी ते तिथेच, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. तेच आज पुन्हा लिहितो आहे.

मारायच्या दिवशी पथकातल्या माणसाने सांगितलं, आज खाणं घालू नका, गरज नाही. तिने कालवलं, घातलं. "उपाशी कोनाले पाठवत नाई." डुकरांना ओळखीच्या वेळी ओळखीचं खाणं मिळालं, आणि ती शांत राहिली. आत काय झालं ते मी लिहिणार नाही. इंजेक्शन होतं, लोक शिकलेले होते, कुणी क्रूर नव्हतं.

मी लिहिणार आहे ते कारकुनाबद्दल. तो दारात टेबल मांडून बसला होता. त्याच्या कागदावर वजनाप्रमाणे रकाने होते. मावशी भिंतीवरचं वाचून सांगत होती: "अकरा नंबर. गाभन. चार दिवसानं व्यायची."

"मोठं, एक," कारकून लिहायचा.

"गाभन लिवा."

"बाई, गाभणला रकाना नाही."

"मंग बाजूले लिवा."

"बाजूला लिहिता येत नाही."

"सोळा नंबर. गाभन." ती पुढे वाचत राहिली. सात वेळा गाभन म्हणाली. सात वेळा त्याने मोठं, एक असं लिहिलं. भरपाई नियमाप्रमाणे आली. भिंतीवरची वर्षं तिच्यात धरलेली नव्हती.

आणि मग गावाने जे केलं, त्याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही. पानठेल्यावर ठरलं की रोग मावशीच्याच शेडमधून निघाला; विदेशी डुकरं, इंजेक्शनं, कायकाय घालत होती! वस्तीत ठरलं की तिने दिराच्या पोटावर पाय दिला. सुदामाची बायको तिला बघून दार लावू लागली. केनवडचं एकही डुक्कर मेलं नाही. आसेगावकडचं एकही मेलं नाही. रोग आमच्या नाल्यात सुरू झाला आणि आमच्या नाल्यातच संपला, तो एका फोनमुळे. हे कुठल्या सभेत कुणी बोललं नाही. डॉक्टर मॅडम फोनवर तेवढ्या म्हणाल्या, "पंचफुलाबाई, तुमच्यामुळे." तेवढंच.

आता ती आमच्या गावात नाही. केनवडला बेबीताईने तिला शेडमध्ये निम्मी भागीदार केलं आहे असं कळतं. मला आनंद आहे आणि तितकाच राग. तिच्यासारखी माणसं गाव सोडून जातात आणि गाव म्हणतं, बरं झालं, वास गेला.

मी तिला शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यात. रिकामं शेड ती रोज धूत होती. सोड्याने धुवायचं, वाळवायचं, चुना मारायचा, पुन्हा धुवायचं; मग ठरलेल्या मुदतीनंतर चाचणीपुरती चार पिल्लं आणायची आणि ती जगली तर पुढे. मुदत संपत आली होती. पिल्लांची बोलणी झाली होती.

त्या दिवशी ग्रामसेवक कागद घेऊन आला. ग्रामसभेचा ठराव होता. त्याने दारात उभं राहून वाचून दाखवला: गावात उद्भवलेल्या रोगाच्या पार्श्वभूमीवर, सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने, गावाच्या हद्दीत यापुढे वराहपालनास परवानगी देण्यात येऊ नये, असं सर्वानुमते ठरलं.

ती झाडू धरून उभी होती. हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे.

"पुन्हा वाचा जी."

त्याने पुन्हा वाचलं.

"रोग हाय, हे सरकारले कोनं सांगतलं, ते हाय काय याच्यात?"

ग्रामसेवकाने कागद वर-खाली पाहिला. "नाही."

"मंग लिवा."

"मावशी, ठराव झाला. आता त्यात शब्द घालता येत नाही. तुम्ही फक्त पोच द्या. इथं सही."

मला वाटलं ती कागद फाडेल. मी तिच्या जागी असतो तर फाडला असता. तिने झाडू भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले आणि पेन मागितला. कागद गुडघ्यावर धरला. ग्रामसेवक बोटाने सहीची रेघ दाखवत होता, तिने त्या रेघेच्या वर, जिथे मोकळी जागा होती तिथे, लिहायला सुरुवात केली. वेळ लागला. अक्षरं मोठी मोठी येत होती, पेन मध्येच अडत होता, आणि चुना कागदावर सांडत होता.

"अहो, इथं नाही, खाली," ग्रामसेवक म्हणाला.

ती थांबली नाही. पूर्ण झाल्यावर तिने कागद त्याच्या हातात दिला, झाडू उचलला आणि उरलेल्या खोल्या धुवायला आत गेली. मी ग्रामसेवकाच्या खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं: फोन मी केला. पंचफुला.